वाचकांचे प्रश्न : हॉलमधल्या खेळांसाठी झूम लेन्स

शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून विभागावर गेल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते : मैदानावरचे फोटो छान येतात, हॉलमध्ये गेलं की सगळं बिघडतं. मराठवाड्यातून आलेली काही पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या उत्तरात जरा खोलात गेलो आहोत, कारण त्यातला हिशेब पुढच्या सगळ्यांनाच लागणार आहे.

प्रश्न : शाळेच्या स्पर्धांचे फोटो मीच काढतो. निकॉन डी५६०० बॉडी आणि ७०-३०० (एफ/४.५-६.३) लेन्स आहे. हॉलमध्ये बॅडमिंटन आणि मॅटवरची कबड्डी टिपताना फोटो हललेले येतात, नाहीतर काळे. एकाने जुनी ८०-२०० एफ/२.८ 'डी' लेन्स स्वस्तात देऊ केली आहे. घ्यावी का?
– क्रीडाशिक्षक, जालना

उत्तर : सर, ही लेन्स घेऊ नका. काच उत्तम आहे, पण तुमच्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालणारच नाही. 'डी' मालिकेतल्या या झूमचा फोकस बॉडीतल्या मोटरने, माउंटवरच्या (लेन्स बॉडीला बसते त्या कडीवरच्या) छोट्या स्क्रूतून फिरतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांत ती मोटर नसते. हाताने फोकस फिरवत चढाई टिपण्याच्या भानगडीत पडू नका. तुमच्यासाठी 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेली लेन्स हवी, किंवा दुसऱ्या कंपनीची पण आत मोटर असलेली.

आता मूळ दुखणं. तुमची ७०-३०० दोनशेच्या आसपास गेली की अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/५.६ किंवा त्याहून लहान होतं (एफ पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान). एफ/२.८ ची लेन्स एफ/५.६ च्या चौपट उजेड आत घेते, एफ/१.८ ची जवळपास दहापट. साधारण ३०० लक्स उजेडाच्या हॉलमध्ये शटर १/५०० सेकंद आणि अपर्चर एफ/२.८ ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या घरात लागतो. त्याच जागी एफ/५.६ वर आयएसओ १२८०० लागेल. कॅमेरा ऑटोवर असला की तेवढा आयएसओ वाढवण्याऐवजी तो बऱ्याचदा शटर १/१२५ पर्यंत खाली आणतो आणि खेळाडू पुसला जातो. लेन्सवरचं व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) इथे उपयोगाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, खेळाडूची धाव नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी हॉलचा उजेड मोजा. सामन्याच्या वेळी, सगळे दिवे लागलेले असताना जा. मोड एम (मॅन्युअल), अपर्चर जितकं उघडतं तितकं, शटर १/५००, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा सगळ्यात वर. कोर्टच्या मध्यावर, नेटजवळ आणि मागच्या कोपऱ्यात उभ्या खेळाडूचा एकेक फोटो घ्या आणि स्क्रीनवर आयएसओ किती आला ते लिहून ठेवा. एफ/५.६ वर १२८०० आला असेल तर एफ/२.८ वर ३२००, आणि एफ/१.८ वर साधारण १२५० पुरेल. कोपऱ्यातला आकडा मध्यापेक्षा दुप्पट निघाला तर नवल नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हॉलमध्ये दिवे मध्यावरच दाटलेले असतात.

मग अंतर. तुमचा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद आहे. २३.५ ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि खेळाडूच्या अंतराने गुणा, म्हणजे फ्रेमच्या लांब बाजूत किती मीटर मावतात ते कळतं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब. एका टोकाच्या मागे बसून पलीकडचा खेळाडू टिपायचा तर तो साधारण १३ मीटरवर असतो. उभ्या फ्रेममध्ये ८५ मिमीने तिथे ३.६ मीटर उंची मिळते, २०० मिमीने जेमतेम दीड. उडी मारून स्मॅश करणारा खेळाडू रॅकेटसकट दीड मीटरात मावत नाही! म्हणजे तुमच्या बॉडीवर बॅडमिंटनला २०० लागतच नाही, ८५ ते १०० पुरे. कबड्डीत मॅटच्या कडेला बसलात तर पकड तीन ते आठ मीटरवर होते. पाच मीटरवर ८५ मिमीने सव्वा मीटरच्या थोडंच वर दिसतं, ५० मिमीने २.३५ मीटर. चढाईपटू आणि त्याला धरणारे दोघं-तिघं मावायला पन्नासच बरी.

तेव्हा आमचं स्पष्ट मत : आधी एएफ-एस ८५ मिमी एफ/१.८ जी घ्या, जमल्यास जोडीला ५० मिमी एफ/१.८ जी. दोन्ही मिळूनही चांगल्या एफ/२.८ झूमपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात आणि उजेडही जास्त घेतात. झूमची सोय जाते हे खरं, पण शाळेच्या कामाला ही जोडी वर्षानुवर्षं पुरेल. झूमच हवी असेल तर टॅमरॉन ७०-२०० एफ/२.८ जी२ (मॉडेल ए०२५) किंवा निकॉनची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर २, दोन्ही तुमच्या बॉडीवर नीट फोकस करतात. सिग्मा ५०-१०० एफ/१.८ चं नाव कुणी सुचवेल. हॉलसाठी तिची रेंज आणि अपर्चर अगदी जुळतं, पण वजन जवळपास दीड किलो, स्टॅबिलायझेशन नाही, आणि फोकस थोडा पुढे-मागे पडत असेल तर तुमच्या बॉडीत तो जुळवायची सोय नाही. त्यासाठी सिग्माचा यूएसबी डॉक वेगळा घ्यावा लागेल.

सेटिंग : मोड एम, ८५ वर एफ/२, शटर १/६४० (स्मॅशमध्ये रॅकेट स्थिर हवी तर १/१०००), फोकस एएफ-सी (हलत्या खेळाडूवर सतत फोकस). फोकस पॉइंट मधल्या नऊपैकीच घ्या. तुमच्या बॉडीत ३९ पॉइंट आहेत, पण क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) हे नऊच, आणि कमी उजेडात तेच भरवशाचे. कबड्डीत पंचांची परवानगी घेऊन बचाव करणाऱ्या संघाच्या मागच्या कोपऱ्यात, खाली बसून काढा. चढाईपटूचा चेहरा तुमच्याकडे असतो. फ्लॅश मात्र बंदच.

प्रश्न : मी दैनिकांना फोटो देतो. आता कॅनन आर६ मार्क २ घेतला आहे. जवळ जुनी ईएफ ७०-२०० एफ/२.८ आयएस २ आहे. ती अडॅप्टरवर वापरू, की विकून नव्या माउंटची आरएफ घेऊ? हलकी म्हणून एफ/४ चा विचारही मनात आहे. मुख्य काम कुस्ती आणि व्हॉलीबॉल.
– मुक्त छायाचित्रकार, लातूर

उत्तर : लेन्स निरोगी असेल तर विकू नका. कॅननचा अडॅप्टर म्हणजे मध्ये काच नसलेली नळी, त्यामुळे उजेड आणि तीक्ष्णता दोन्ही तेवढीच राहतात, आणि या लेन्सचा फोकस नव्या बॉडीवर जुन्या डीएसएलआरपेक्षा अचूक वाटेल. चेहरा ओळखून धरणंही चालतं.

आरएफ घेऊन मिळतं ते मुख्यतः वजन : ईएफ १४९० ग्रॅम आणि वर अडॅप्टर, आरएफ १०७० ग्रॅम. दिवसभराच्या स्पर्धेत खांद्याला हा फरक जाणवतो. पण २०१९ ची आरएफ झूम करताना लांब होते आणि तिच्यावर टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं मधलं भिंग) बसत नाही. २०२४ ची 'झेड' लांब होत नाही आणि कन्व्हर्टर घेते, पण किंमतही तशीच. मैदानावरही काम करत असाल तरच त्या वाटेला जा.

एफ/४ चा विचार सोडून द्या. निम्मा उजेड जातो. तुमच्या बॉडीत ते आयएसओ १२८०० वर भागवता येईलही, पण कुस्तीत पाठीमागचे बॅनर, खुर्च्या, मोबाइल धरलेली मंडळी विरघळून जायला २.८ हवंच.

कुस्तीत जिथे हात आखडतो ती गोष्ट म्हणजे फोकसची खोली. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) २०० मिमी, एफ/२.८ आणि मल्ल दहा मीटरवर असताना फक्त ४० सेंटिमीटरच्या पट्ट्यात सगळं तीक्ष्ण असतं. पट काढताना खालच्याचं डोकं आणि वरच्याचा चेहरा यांत तेवढं अंतर सहज असतं. कॅमेरा आपोआप जवळचं डोकं धरतो आणि वेदना, जोर, नजर ज्या चेहऱ्यावर आहे तो मऊ येतो. म्हणून चेहरा ओळखण्यावर सगळं सोपवू नका. एकच पॉइंट, अंगठ्याच्या बटणावर फोकस, आणि वरच्या मल्लाच्या डोळ्याखाली तो पॉइंट ठेवायचा. मॅटचं वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं. कडेपासून दोन-तीन मीटर मागे बसलात तर लढत बहुतेक वेळ चार ते दहा मीटरवर. पाच मीटरवर ७० मिमीने अडीच मीटर रुंदी मिळते, जमिनीवरचे दोन्ही मल्ल पूर्ण मावतात. शटर १/५०० पुरेल, भारंदाजसारख्या उचलून टाकण्याला १/८००. व्हॉलीबॉलला मात्र १/१००० च्या खाली येऊ नका, नाहीतर स्मॅशमध्ये हात आणि चेंडू दोन्ही पुसटतात.

प्रश्न : माझा कॅनन ९०डी आणि ७०-२०० एफ/२.८. टेबल टेनिसचे सलग दहा फोटो काढले तर दोन पिवळट, तीन काळपट, बाकी ठीक. एकाच फोटोत वरचा भाग उजळ आणि खालचा मळका असंही होतं. लेन्सचं अपर्चर बिघडलं आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लेन्स ठीक आहे, दोष दिव्यांचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइड, जुन्या ट्यूब आणि साध्या ड्रायव्हरचे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. एक चढउतार १/१०० सेकंदाचा. १/५०० वर तुम्ही त्याचा पाचवा हिस्सा पकडता : कधी शिखर, कधी तळ. मेटल हॅलाइडचा रंगही त्याबरोबर बदलतो, म्हणून पिवळट. शिवाय या वेगाला शटरची फट सेन्सरवरून सरकत जाते, तेवढ्यात दिवा मंदावला की अर्धी फ्रेम वेगळी येते.

तुमच्या बॉडीत उपाय आहे, फक्त तो बंद असतो. मेनूमध्ये 'अँटी-फ्लिकर शूटिंग' चालू करा आणि व्ह्यूफाइंडरमधूनच काढा. कॅमेरा दिव्याची लय ओळखून उजेड शिखरावर असतानाच शटर उघडतो. सलग फोटोंचा वेग किंचित कमी होईल आणि बटण दाबल्यावर सूक्ष्म विलंब जाणवेल. टेबल टेनिसमध्ये त्यामुळे चेंडू बॅटवरून निसटतो, तेव्हा थोडं आधी दाबायची सवय करा. ज्यांच्या बॉडीत ही सोय नाही त्यांनी रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढावं, फोटो जास्त घ्यावेत आणि रंग नंतर जुळवावा. मिररलेसवाल्यांनी अशा हॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवून मेकॅनिकल वापरावं, नाहीतर आडवे पट्टे येतात.

प्रश्न : लग्नाचं काम मुख्य, अधूनमधून क्रीडा मंडळाची कामं. सोनी ए७ ३ आहे. टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८ ची पहिली आवृत्ती चालेल का? तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही म्हणतात.
– स्टुडिओचालक, बीड

उत्तर : चालेल, बिनधास्त घ्या. तुमच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, आणि खेळात १/६४० वर त्याचा प्रश्नच येत नाही. वजन ८१० ग्रॅम. १८० आणि २०० मधला फरक हॉलमध्ये कुणाच्या लक्षातही येणार नाही. लग्न आणि कबड्डी एकाच लेन्सवर काढायची असेल तर टॅमरॉनचीच ३५-१५० एफ/२-२.८ बघा, वजन वाढतं आणि ८० मिमीपर्यंत पोचेतो अपर्चर २.८ होतं, पण मांडवात बॅगेतून लेन्स बदलायची वेळ कमी येते.

प्रश्न : वापरलेली ७०-२०० एफ/२.८ पुण्याहून किंवा मुंबईहून आणायची आहे. बघताना काय तपासू?
– वाचक, परभणी

उत्तर : कुरिअरने मागवू नका. स्वतः जा, आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, कार्ड, छोटा टॉर्च आणि शक्यतो लॅपटॉप घेऊन.

आधी दोन्ही टोपणं काढून मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तरी फोटोत दिसत नाहीत, त्यावरून भाव पाडा पण लेन्स नाकारू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि दुधाळ थर दिसला तर धुकटपणा. दोन्हीत तिथून उठा. साफ करून दिलेली बुरशीची लेन्सही घेऊ नका, कोटिंग खाल्लेलं परत येत नाही. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको.

मग माउंट. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत एकसारखी फिरायला हवी. मध्येच अडली तर लेन्स पडलेली असण्याची शक्यता. ट्रायपॉड कॉलर जागेवर आहे ना, तेही बघा, तो वेगळा घ्यायला महाग पडतो.

पुढची तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. छापील वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर आणि समांतर ठेवा. एफ/२.८ वर ७०, १३५ आणि २०० ला फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे मऊ असतील तर हरकत नाही. एकच बाजू धूसर असेल तर आतली काच केंद्रातून सरकली आहे. ती दुरुस्ती खर्चाची आणि बेभरवशाची. डीएसएलआर असेल तर फोकस पुढे-मागे पडतो का तेही याच वेळी पाहा. निकॉन डी७००० मालिकेत किंवा कॅनन ८०डीत ते बॉडीतूनच जुळवता येतं, टॅमरॉन जी२ साठी टॅप-इन कन्सोल (लेन्स संगणकाला जोडून फोकस जुळवायचं उपकरण) मिळतो.

शेवटी दुकानाबाहेर येऊन चालत्या माणसावर, रिक्षावर सलग फोकस धरून बघा. थंड लेन्स पाच मिनिटं ठीक चालते आणि मग मोटर कुरकुरते, म्हणून निदान वीस मिनिटं वापरा. निकॉनची २०१६ ची 'ई एफएल' घेत असाल तर बॉडी बघा : डी९० किंवा डी३००० सारख्या जुन्या बॉडीवर तिचं अपर्चर बदलत नाही. बिलावरचा आणि लेन्सवरचा सिरीयल नंबर जुळवून घ्या.

प्रश्न : मुलगी तलवारबाजी खेळते. स्पर्धांना छत्रपती संभाजीनगरला जातो. फुल फ्रेम आणि ७०-२०० एफ/२.८ आहे, तिच्यावर २एक्स टेलिकन्व्हर्टर लावू का?
– पालक, हिंगोली

उत्तर : नको. २एक्स लावला की एफ/२.८ ची एफ/५.६ होते, म्हणजे एवढी महाग लेन्स घेऊन पुन्हा तिथेच. शिवाय गरज नाही. पिस्त (लढतीची पट्टी) १४ मीटर लांब. एका टोकापासून तीन मीटर मागे, थोडं तिरकं उभं राहा. सुरुवातीला पलीकडची खेळाडू साधारण १२ मीटरवर असते आणि २०० मिमीने उभ्या फ्रेममध्ये २.१ मीटर उंची मिळते, ती पूर्ण मावते.

इथे अडचण पांढऱ्या पोशाखाची. कॅमेरा ऑटोवर असेल तर पांढरं राखाडी करून टाकतो आणि मुखवट्यामागचा चेहरा काळा होतो. एम मोडमध्ये आयएसओ हाताने ठेवा, नाहीतर ऑटोवर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवून घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). शटर १/१०००. गुण मिळाल्याचा दिवा लागला तरी कॅमेरा खाली घेऊ नका. मुखवटा वर जातो आणि तोंडातून ओरड निघते ती त्यानंतरच्या दोन सेकंदांत.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्स कशी ठेवावी? आमच्याकडे उन्हाळ्यात धूळही भयंकर.
– वाचक, धाराशिव

उत्तर : लेन्सच्या कापडी बॅगेत ठेवू नका. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि ३० च्या खालीही फार काळ नको, आतलं वंगण आणि रबर सुकतं. निळी जेल गुलाबी झाली की जुन्या तव्यावर मंद आचेवर रंग परत येईपर्यंत गरम करा, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं.

उन्हाळ्यात बंद गाडीत लेन्स ठेवू नका. खो-खोच्या मातीच्या मैदानावरून आल्यावर आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. लांब होणारी झूम असेल तर ती पूर्ण बाहेर काढून नळीवरची धूळ पुसल्याशिवाय आत ढकलू नका.